दुसऱ्या सेवेच्या खात्याने कॅलेंडर ॲपमध्ये सुरक्षित साइन-इन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलेंडर ॲप पहिल्यांदा उघडले की नवा पासवर्ड तयार करण्याऐवजी गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपलच्या खात्याने पुढे जाण्याची बटणे समोर येतात आणि बहुतेक जण त्यांतले एक दाबून मोकळे होतात. ते बटण दाबणे सहसा योग्यच असते. मात्र त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात आपण दोन वेगवेगळे निर्णय घेत असतो आणि त्यांतला दुसरा पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. पुढील प्रश्नोत्तरे त्या दुसऱ्या निर्णयावर नजर ठेवून लिहिली आहेत.

अशा साइन-इनमध्ये पडद्यामागे नेमके काय घडते?

बटण दाबताच कॅलेंडर ॲप तुम्हाला ब्राउझरमधून त्या सेवेच्या, उदाहरणार्थ गूगलच्या, पानावर पाठवते. तेथे पासवर्ड, पासकी (पासवर्डऐवजी वापरायची, उपकरणाच्या कुलपाने उघडणारी डिजिटल किल्ली) किंवा दुसऱ्या टप्प्याचा कोड देऊन तुम्ही आपली ओळख पटवता. ओळख पटली की या ॲपला अमुक गोष्टी करू द्यायच्या का, असे गूगल विचारते. तुम्ही होकार दिलात तर एक अल्पजीवी कोड घेऊन ब्राउझर पुन्हा ॲपकडे परततो. ॲप तो कोड गूगलला देऊन त्याच्या बदल्यात टोकन, म्हणजे ठरावीक प्रवेशाचा डिजिटल परवाना, मिळवते आणि तेथून पुढे तुमच्या नोंदी वाचताना किंवा लिहिताना प्रत्येक वेळी ते टोकन दाखवते.

ही पद्धत ओऑथ २.० या मानकावर उभी आहे, जे ऑक्टोबर २०१२ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) ६७४९ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. ओऑथ मुळात परवानगी देण्यासाठी आहे. समोरची व्यक्ती कोण आहे हे ठरलेल्या पद्धतीने सांगण्यासाठी त्यावर ओपनआयडी कनेक्ट हा थर २०१४ मध्ये चढवला गेला.

माझा गूगल किंवा मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड कॅलेंडर ॲपला कळतो का?

नाही, आणि या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा तोच आहे. पासवर्ड तुम्ही मूळ सेवेच्या पानावर टाइप करता आणि ॲपच्या हाती फक्त टोकन पडते. पूर्वी अनेक ॲप थेट पासवर्ड मागून तो आपल्याकडे साठवत असत. तेव्हा कॅलेंडरसाठी दिलेल्या पासवर्डने ईमेल, फोटो आणि फायली असे सर्वच उघडत असे, आणि एका ॲपचा प्रवेश बंद करायचा तर पासवर्ड बदलून बाकी सगळ्या ठिकाणी पुन्हा साइन-इन करावे लागे. टोकनला मर्यादा घालता येते आणि ते एकट्याने रद्दही करता येते.

साइन-इन करणे आणि कॅलेंडर जोडणे या एकच गोष्टी आहेत का?

नाहीत, आणि या पानावरील एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचावे.

साइन-इनमध्ये तुम्ही ॲपला तुमची ओळख सांगता. त्यासाठी ॲपला तुमचे नाव, ईमेल पत्ता, कदाचित छायाचित्र आणि त्या सेवेने तुम्हाला दिलेला एक कायमचा अंतर्गत क्रमांक, एवढेच पुरते. कॅलेंडर जोडताना मात्र तुम्ही ॲपला तुमच्या नोंदी वाचण्याची, बदलण्याची किंवा पुसण्याची मुभा देता. पहिल्यात तुम्ही दारात उभे राहून ओळखपत्र दाखवता. दुसऱ्यात घराची किल्ली त्या माणसाच्या हाती ठेवता, आणि तुम्ही झोपलेले असतानाही ती त्याच्याकडेच असते.

गोंधळ होण्याचे कारण असे, की कॅलेंडर ॲपमध्ये दोन्ही गोष्टी बहुधा एकाच ओघात, एकसारख्या दिसणाऱ्या पानांवर विचारल्या जातात. पहिल्या पानावर होकार देताना लागलेली लय दुसऱ्या पानावरही तशीच चालू राहते. माझ्या मते चांगल्या ॲपने दोन्ही वेळा वेगळ्या केल्या पाहिजेत: आधी फक्त साइन-इन घ्यावे आणि 'कॅलेंडर जोडा' असे वापरकर्त्याने स्वतः निवडले तेव्हाच त्या परवानगीचे पान दाखवावे. नुसते साइन-इन करून ॲप पाहता आले पाहिजे. ते शक्य नसेल तर निदान दुसऱ्या पानावर थांबणे आपल्या हाती आहे.

परवानगीच्या पानावर काय वाचायचे?

तेथील क्रियापदे वाचावीत. 'पाहणे', 'संपादित करणे', 'शेअर करणे' आणि 'कायमचे हटवणे' या चार वेगवेगळ्या परवानग्या आहेत आणि प्रत्येक पुढच्या शब्दाबरोबर धोका वाढतो. गूगल कॅलेंडरच्या बाबतीत ॲपला अनेक पातळ्यांची मुभा मागता येते. सर्वांत अरुंद पातळीत तुम्ही कोणत्या वेळी मोकळे आहात आणि कोणत्या वेळी व्यस्त, एवढेच दिसते. त्यानंतर नोंदी फक्त वाचण्याची आणि नोंदी वाचून बदलण्याची मुभा येते. सर्वांत रुंद पातळीत संपूर्ण कॅलेंडरच पाहणे, संपादित करणे, इतरांशी शेअर करणे आणि कायमचे पुसणे हे सर्व सामावते. मायक्रोसॉफ्टकडेही वाचण्याची आणि वाचून-लिहिण्याची परवानगी वेगळी आहे. शिवाय तुम्ही ॲप वापरत नसतानाही प्रवेश टिकवण्याची एक स्वतंत्र परवानगी मागितली जाते.

आता मागणी आणि काम यांचा मेळ बसतो का ते पाहावे. भेटीची वेळ ठरवून देणाऱ्या ॲपला तुमची मोकळी वेळ कळली आणि एक नवी नोंद करता आली की पुरे. ते संपूर्ण कॅलेंडर पुसण्याची मुभा मागत असेल तर कारण विचारणे रास्त आहे. कॅलेंडर ॲपने ईमेल वाचण्याची किंवा सर्व फायली पाहण्याची परवानगी मागितली तर माझा सल्ला सरळ नकाराचा आहे. त्या सोयीचे स्पष्ट कारण ॲपने दिले असेल आणि तुम्हाला ती सोय खरोखर हवी असेल तरच पुढे जावे. एकाहून अधिक परवानग्या मागितल्या असतील तर गूगलच्या पानावर प्रत्येकीपुढे बहुधा वेगळी चौकट असते, आणि नको असलेली चौकट रिकामी सोडून पुढे जाता येते.

आणखी एक बाब सहज निसटते. 'तुम्हाला पाहता येणारी सर्व कॅलेंडरे' या शब्दांत तुमच्याशी इतरांनी शेअर केलेली कॅलेंडरेही येतात. सहकाऱ्याने विश्वासाने उघडे केलेले वेळापत्रक किंवा कुटुंबाचे सामाईक कॅलेंडर तुमच्या एका होकाराने तिसऱ्याच्या हाती जाऊ शकते, आणि त्या लोकांना कोणी विचारलेलेही नसते.

कॅलेंडरमध्ये लपवण्यासारखे असे काय असते?

बरेच काही असते. डॉक्टरांच्या भेटी, मुलांच्या शिकवण्या सुटण्याच्या वेळा, प्रवासाच्या तारखा म्हणजेच घर रिकामे असण्याचे दिवस, नोकरीच्या मुलाखती, ऑनलाइन बैठकांचे दुवे आणि त्यांचे पासकोड, निमंत्रितांचे ईमेल पत्ते, नोंदीला जोडलेली कागदपत्रे हे सर्व तेथे तारीखवार लावून ठेवलेले असते. ईमेलमधून माणसाचे बोलणे कळते. कॅलेंडरमधून तो उद्या दुपारी कोठे असेल हे कळते. लिहिण्याची परवानगी मिळालेला दुष्ट माणूस तर तुमच्या नावाने इतरांना फसवी निमंत्रणेही पाठवू शकतो.

समोर आलेले साइन-इनचे पान खरे आहे हे कसे ओळखावे?

पानाच्या रूपावरून ओळखता येत नाही, कारण चिन्ह, रंग आणि मांडणी यांची हुबेहूब नक्कल करणे सोपे आहे. पाहायचा तो ब्राउझरचा ॲड्रेस बार. गूगलचे खरे पान 'अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम' येथे उघडते. मायक्रोसॉफ्टची पाने 'लॉगिन डॉट मायक्रोसॉफ्टऑनलाइन डॉट कॉम' किंवा वैयक्तिक खात्यांसाठी 'लॉगिन डॉट लाइव्ह डॉट कॉम' येथे असतात, तर ॲपलच्या पत्त्याचा शेवट 'ॲपल डॉट कॉम' असा होतो.

पत्ता वाचताना पहिल्या तिरक्या रेषेपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. सुरुवातीला 'गूगल डॉट कॉम' दिसले म्हणून पत्ता गूगलचा होत नाही. त्यानंतर आणखी एखादा डॉट आणि वेगळे नाव असेल तर ते पान त्या शेवटच्या नावाच्या मालकाचे असते. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नये, कारण पानाशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक रूपात चालते एवढेच ते सांगते आणि फसव्या पानांनाही ते मिळते.

पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर तो येथे तुमच्यापेक्षा चोख पहारा देतो. तो पत्ता जुळल्याशिवाय पासवर्ड भरत नाही, आणि नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हाताने टाइप करण्याआधी थांबावे. पासकी आणखी पुढे जाते: ती मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशीच बांधलेली असल्यामुळे नकली पानावर चालतच नाही.

साइन-इनचे पान ॲपच्या आतच उघडले तर चालेल का?

ॲड्रेस बार नसलेल्या, ॲपच्याच पोटात उघडणाऱ्या खिडकीत पासवर्ड टाइप करू नये. तशा खिडकीवर ॲपचा पूर्ण ताबा असतो. तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ ते वाचू शकते आणि पान खरे असले तरी पासवर्ड त्याच्या हाती लागू शकतो. ऑक्टोबर २०१७ च्या आरएफसी ८२५२ या मार्गदर्शक मानकाने मोबाइल आणि संगणकावरील ॲपना असे करण्यास मनाई केली असून साइन-इन बाहेरच्या ब्राउझरमधूनच करावे असे सांगितले आहे. गूगल तर अशा आतल्या खिडक्यांमधून येणारी विनंती अडवते. फोनवर अनेकदा ब्राउझर ॲपच्या वरच एका पट्टीसारखा उघडतो आणि त्यात पत्ता दिसतो. तो खरा ब्राउझर असतो आणि त्याला हरकत नाही. तेथे तुमचे खाते आधीच साइन-इन केलेले दिसले तर ते चांगले लक्षण समजावे.

ब्राउझरमधून ॲपकडे परत येताना मधल्या मधे कोणी कोड चोरला तर?

त्यासाठी पीकेसीई नावाची तरतूद आहे, जी सप्टेंबर २०१५ मध्ये आरएफसी ७६३६ म्हणून आली. साइन-इन सुरू करताना ॲप एक गुपित स्वतःजवळ तयार करते आणि त्याचा फक्त गणिती ठसा पुढे पाठवते. कोड टोकनमध्ये बदलताना मूळ गुपित दाखवावे लागते. नुसता कोड पळवणाऱ्याजवळ ते गुपित नसल्यामुळे त्याच्या हाती काही लागत नाही. ही काळजी ॲप बनवणाऱ्याने घ्यायची असते, वापरकर्त्याला त्यासाठी काही करावे लागत नाही.

पान खरे आहे, पत्ताही बरोबर आहे. मग धोका उरतो का?

उरतो, कारण पान खरे असले तरी परवानगी मागणारे ॲप खोटे असू शकते. ३ मे २०१७ रोजी याचे मोठे उदाहरण घडले. 'गूगल डॉक्स' असे नाव धारण केलेल्या एका ॲपने ईमेलमधून दुवे पसरवले; दुवा दाबल्यावर उघडणारे परवानगीचे पान गूगलचे खरे पान होते आणि मागणी होती ईमेल व संपर्क यांच्या प्रवेशाची. होकार देणाऱ्याच्या संपर्कांना तोच दुवा पुढे जात असे. गूगलने सुमारे तासाभरात तो प्रकार थांबवला आणि ०.१ टक्क्याहून कमी वापरकर्ते बाधित झाल्याचे सांगितले.

या घटनेत कोणाचाही पासवर्ड चोरला गेला नव्हता, हे नीट समजून घेतले पाहिजे. अशा फसवणुकीत द्विस्तरीय पडताळणी वाचवत नाही, कारण पडताळणी तुम्ही स्वतःच पूर्ण करता आणि किल्ली स्वतःच्या हाताने देता. म्हणून परवानगीच्या पानावर ॲपच्या नावाखेरीज त्याच्या विकसकाचा ईमेल पत्ता आणि संकेतस्थळ पाहावे. गूगलच्या पानावर ॲपच्या नावावर क्लिक केल्यास विकसकाची माहिती दिसते. सर्वांत उपयोगी प्रश्न त्याहून साधा आहे: हे साइन-इन मी स्वतः ॲप उघडून सुरू केले, की कोणाच्या दुव्यामुळे येथे पोहोचलो? दुसरे असेल तर पान बंद करावे, ॲप स्वतः उघडावे आणि पुन्हा सुरुवात करावी.

'गूगलने हे ॲप पडताळलेले नाही' अशी सूचना आली तर?

मागे फिरावे. संवेदनशील माहिती मागणाऱ्या ॲपची गूगल तपासणी करते, आणि ती पूर्ण होईपर्यंत अशी सूचना दाखवली जाते. ते ॲप तुम्ही स्वतः किंवा तुमच्या संस्थेतील ओळखीच्या व्यक्तीने बनवले असेल, तरच 'प्रगत' पर्यायातून पुढे जाणे समजण्यासारखे आहे. उलट बाजूही ध्यानात असावी: पडताळणी झाली म्हणजे ॲपवाले तुमची माहिती उत्तम सांभाळतील याची हमी मिळाली, असा अर्थ होत नाही.

ॲप ब्राउझर न उघडता थेट पासवर्डच मागत आहे. द्यावा का?

मुख्य पासवर्ड कधीही देऊ नये. काही कॅलेंडर ॲप कॅलडॅव्ह या मानकाने जोडतात, जे मार्च २००७ मधील आहे आणि ज्यात नाव व पासवर्ड देण्याची जुनी रीत अजून आढळते. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी फक्त नाव आणि मुख्य पासवर्ड यांवर चालणारा ॲपचा प्रवेश थांबवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनेही संस्थांसाठीच्या एक्सचेंज ऑनलाइन या ईमेल-कॅलेंडर सेवेत तशीच पद्धत १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करत आणली.

ॲपलच्या आयक्लाउड कॅलेंडरची गोष्ट वेगळी आहे. 'ॲपलने साइन इन करा' हे बटण फक्त ओळख सांगते, आयक्लाउडच्या नोंदी उघडून देत नाही. आयफोनवर ॲप त्या नोंदी फोनच्या स्वतःच्या कॅलेंडर-परवानगीतून वाचते, आणि आयओएस १७ पासून तेथे 'फक्त नोंद घालणे' आणि 'पूर्ण प्रवेश' असे दोन पर्याय मिळतात. इतर उपकरणांवर मात्र ॲपलच्या खात्याच्या पानावरून त्या एका ॲपसाठी वेगळा पासवर्ड तयार करावा लागतो. एका वेळी असे २५ पासवर्ड चालू ठेवता येतात, ते एकेक रद्द करता येतात, आणि ॲपल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की ते सर्व आपोआप रद्द होतात. या पासवर्डला कॅलेंडरपुरते कुंपण नसते. त्यानेच आयक्लाउडचे ईमेल आणि संपर्कही उघडू शकतात. त्यामुळे तो फक्त विश्वासातल्या ॲपला द्यावा आणि प्रत्येक ॲपसाठी वेगळा करावा.

साइन-इन झाले, पण नोंदी दिसत नाहीत किंवा भलतेच खाते जोडले गेले. असे का होते?

बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये दोन खाती आधीच उघडी असतात आणि घाईत नको ते निवडले जाते. जोडणी पूर्ण झाली की ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणता ईमेल पत्ता जोडला गेला हे वाचण्याची सवय लावावी. यात सुरक्षेचाही भाग आहे. ज्या ॲपने साइन-इनची विनंती आणि परत आलेले उत्तर एकाच वापरकर्त्याचे आहे हे तपासलेले नसते, त्यात हल्लेखोर तुमच्या ॲपला स्वतःचे खाते जोडून ठेवू शकतो आणि मग तुम्ही केलेल्या नव्या नोंदी त्याच्या कॅलेंडरमध्ये लिहिल्या जातात.

मागच्या वेळी गूगलने आणि या वेळी ॲपलने साइन-इन केले असेल तर ॲपने तुमची दोन स्वतंत्र खाती उघडलेली असू शकतात. जुने खाते कोरे झालेले नसते. पहिल्या बटणाने परत जावे आणि सेटिंगमधून दुसरी पद्धत जोडावी.

ॲपलचा 'माझा ईमेल लपवा' पर्याय कॅलेंडर ॲपसाठी घ्यावा का?

एकट्याने वापरण्याच्या ॲपसाठी अवश्य घ्यावा. ॲपल एक वेगळा पत्ता तयार करते आणि त्यावर आलेले टपाल तुमच्याकडे पाठवते. मात्र त्या पत्त्यावर ॲपच्या विकसकाने ॲपलकडे नोंदवलेल्या ठिकाणांवरूनच ईमेल पोहोचतात. मित्राने त्या पत्त्यावर स्वतःच्या कॅलेंडरमधून निमंत्रण पाठवले तर ते मिळेल असे धरून चालू नये. इतरांसोबत बैठका ठरवण्यासाठीच ॲप घेत असाल तर खरा पत्ता देणे सोयीचे ठरते.

टोकन किती काळ चालते? ॲप अधूनमधून पुन्हा साइन-इन का मागते?

नोंदी वाचण्यासाठी दाखवले जाणारे टोकन अल्पायुषी असते: गूगलचे साधारण १ तासाचे, मायक्रोसॉफ्टचे साधारण ६० ते ९० मिनिटांचे. ते संपले की ॲप स्वतःजवळच्या दुसऱ्या, दीर्घायुषी टोकनाने नवे मागून घेते, म्हणून तुम्हाला काही जाणवत नाही. हे दुसरे टोकन गूगलकडे ६ महिने न वापरल्यास बाद होते. मायक्रोसॉफ्टकडे त्याची नेहमीची मुदत ९० दिवसांची असून प्रत्येक वापरासोबत नवे मिळते. एखादे ॲप दर आठवड्याला पुन्हा साइन-इन मागत असेल तर ते गूगलकडे अजून चाचणीच्या अवस्थेत नोंदलेले असण्याची शक्यता आहे, कारण तशा ॲपची टोकने ७ दिवसांत संपतात.

मी ॲपमधून साइन-आउट केले आणि ॲप काढूनही टाकले. आता परवानगी गेली ना?

गेली असे समजू नये. साइन-आउट केल्याने त्या उपकरणावरचे तुमचे सत्र संपते. ॲप काढल्याने फोनमधील त्याच्या फायली जातात. पण तुमच्या नोंदी वाचणारे टोकन बहुतेक वेळा ॲपवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि तेथे ते तसेच राहू शकते. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीपुरते घेतलेले, नावही न आठवणारे ॲप आजही तुमचे कॅलेंडर वाचत असणे अगदी शक्य आहे.

परवानगी मागे घ्यायची जागा मूळ सेवेच्या खात्यात आहे. गूगल खात्यात सुरक्षेच्या विभागात त्रयस्थ ॲप आणि सेवांच्या जोडण्यांची यादी मिळते. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यात गोपनीयतेच्या विभागात प्रवेश दिलेल्या ॲपची यादी असते. आयफोनवर सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली ॲपलने साइन-इन केलेली ॲप दिसतात. तेथून ॲप काढले की टोकन बाद होते. ॲपने तोवर नक्कल करून घेतलेल्या नोंदी मात्र त्याच्याजवळ राहतात, म्हणून आधी ॲपमधील 'खाते हटवा' पर्याय वापरावा आणि मग परवानगी काढावी. उलट क्रमाने केल्यास खाते हटवण्यासाठी पुन्हा साइन-इन करावे लागते.

फोनची परवानगी ही आणखी वेगळी वाट आहे. अँड्रॉइडवर कॅलेंडर वाचण्याची परवानगी मिळालेले ॲप त्या फोनवर जमा झालेल्या सर्व खात्यांच्या नोंदी पाहू शकते, मग गूगल खात्याच्या यादीत त्याचे नाव नसले तरी.

पासवर्ड बदलला तर सर्व ॲप आपोआप बाहेर पडतात का?

नेहमी नाही. गूगलकडे पासवर्ड बदलल्यावर जीमेलची परवानगी असलेली टोकने बाद होतात. फक्त कॅलेंडरची परवानगी असलेले टोकन त्यानंतरही चालू राहू शकते. संशय आल्यावर पासवर्ड बदलून निश्चिंत होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, यादीतून ॲप काढणे हे वेगळे काम आहे.

कार्यालयाच्या खात्याने साइन-इन करताना 'प्रशासकाची मंजुरी हवी' असे येते. काय करावे?

मंजुरी मागावी. संस्थेला त्रयस्थ ॲप अडवण्याची सोय गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही दिलेली आहे. अडथळा टाळण्यासाठी कार्यालयाचे कॅलेंडर खासगी खात्याशी शेअर करून तेथून ॲपला जोडणे हा मार्ग घेऊ नये. त्यात सहकाऱ्यांच्या नोंदीही बाहेर जातात.

साइन-इन टाळून फक्त कॅलेंडरचा दुवा दिला तर ते जास्त सुरक्षित नाही का?

गूगल कॅलेंडरमध्ये 'आयकॅल स्वरूपातील गुप्त पत्ता' मिळतो आणि त्याने दुसऱ्या ॲपला नोंदी वाचता येतात. त्यात लिहिण्याची मुभा नसते हे खरे. पण दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला कोणतीही ओळख न विचारता सर्व नोंदी दिसतात, आणि कोणी पाहिले याची यादी मिळत नाही. हा दुवा पासवर्डासारखाच जपावा, गटसंदेशात टाकू नये आणि बाहेर गेल्याची शंका येताच सेटिंगमधून रीसेट करावा.

टीव्हीवर किंवा भिंतीवरच्या पडद्यावर कॅलेंडर जोडताना कोड दिसतो. ते सुरक्षित आहे का?

पद्धत सुरक्षित आहे. ऑगस्ट २०१९ च्या आरएफसी ८६२८ मध्ये ती ठरवून दिली आहे. कळफलक नसलेले उपकरण एक छोटा कोड दाखवते आणि तुम्ही तो फोनवर सेवेच्या खऱ्या पानावर टाइप करून मंजुरी देता. धोका असा, की दुसऱ्याने त्याच्या उपकरणावर निघालेला कोड 'बैठकीत येण्यासाठी हा टाका' असे सांगून तुमच्याकडे पाठवला, तर तुमची मंजुरी त्याच्या उपकरणाला मिळते. आपल्या डोळ्यांसमोरच्या, आपणच सुरू केलेल्या पडद्यावरचाच कोड टाकावा.

सर्व काही एकाच खात्यावर टांगणे धोक्याचे नाही का?

आहे, आणि ही शंका रास्त आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन हल्लेखोरांनी सुमारे ३ कोटी खात्यांची टोकने पळवली होती. तरीही, वीस ठिकाणी एकच पासवर्ड वापरणाऱ्या माणसासाठी एक नीट राखलेले खाते निश्चितच बरे, असे मला वाटते. नीट राखणे म्हणजे त्या खात्यावर पासकी किंवा निदान द्विस्तरीय पडताळणी चालू असणे, पुनर्प्राप्तीचा ईमेल आणि फोन क्रमांक आजचे असणे, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवलेले असणे.

मूळ खातेच बंद पडले तर कॅलेंडरचे काय होते?

साइन-इनचा दुसरा मार्ग जोडलेला नसेल तर ॲपमध्ये शिरता येत नाही. गूगलच्या धोरणानुसार २ वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते हटवले जाऊ शकते. नोकरी सुटली की कार्यालयाचे खाते त्याच दिवशी बंद होऊ शकते. ॲपमध्ये आधीच दुसरी साइन-इन पद्धत जोडावी आणि अधूनमधून कॅलेंडर आयसीएस फाइलच्या रूपात उतरवून घ्यावे. बहुतेक सर्व कॅलेंडर ॲप ती फाइल वाचतात.

चुकीच्या ॲपला परवानगी दिली गेली असे वाटते. सर्वांत आधी काय करावे?

आधी मूळ सेवेच्या खात्यातील यादी उघडून त्या ॲपचा प्रवेश काढावा. पासवर्ड बदलण्याआधी हे करावे, कारण नुसत्या पासवर्डने टोकन थांबेलच असे नाही. मग पासवर्ड बदलावा, साइन-इन असलेल्या उपकरणांची यादी पाहून अनोळखी उपकरण बाहेर काढावे, आणि पुनर्प्राप्तीचा ईमेल किंवा फोन क्रमांक कोणी बदललेला नाही ना हे तपासावे. ॲपने ईमेलची परवानगीही घेतली असेल तर टपाल आपोआप दुसरीकडे पाठवण्याचा नियम गुपचूप लावलेला नाही ना हेही पाहावे.

त्यानंतर कॅलेंडर स्वतः तपासावे. ते कोणा अनोळखी पत्त्याशी शेअर झाले आहे का, तुम्ही न केलेल्या नोंदी आणि निमंत्रणे त्यात आहेत का, आणि काही पुसले गेले आहे का ते पाहावे. गूगल कॅलेंडरच्या कचरापेटीत पुसलेल्या नोंदी सुमारे ३० दिवस राहतात, तेवढ्या अवधीत त्या परत आणता येतात. पुढच्या ऑनलाइन बैठकांचे दुवे आणि पासकोड नव्याने तयार करावेत, गुप्त पत्ता रीसेट करावा, कार्यालयाचे खाते असेल तर त्याच दिवशी प्रशासकाला कळवावे, आणि ज्यांची कॅलेंडरे तुमच्याशी शेअर केलेली होती त्या प्रत्येकाला काय घडले ते सांगावे.